एसपीएफ लावलंय, तरी आमच्याच पत्त्यावरून दुसऱ्याने मेल कशी पाठवली?

लेथवाला
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून चाकणच्या दोन-तीन कंपन्यांना देतो. मशीनं भाऊ बघतो. कोटेशन, बिलं आणि कॉम्प्युटर माझ्या गळ्यात.

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाच्या अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन आला. "तुमचं बँक खातं बदललंय का हो? मेल आलीय तुमची." आम्ही कसलं खातं बदलतोय! त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. पाठवणाऱ्याच्या जागी आमचाच पत्ता, आमचंच डोमेन, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. खाली भावाचं नाव, मोबाईल, बिल नंबर खरा, रक्कमही खरी. खाते क्रमांक आणि आयएफएससी तेवढे भलतेच. आरटीजीएस मारायच्या आधी बाईंनी फोन केला म्हणून निभावलं.

आता प्रश्न. होस्टिंगवाल्याने डोमेन देताना छातीठोक सांगितलं होतं, "एसपीएफ लावलंय साहेब, तुमच्या नावाने दुसरं कोणी मेल पाठवूच शकत नाही." मग ही कशी गेली? आणि दुसरं दुखणं असं की आमची खरी कोटेशनं मात्र गिऱ्हाईकांच्या स्पॅममध्ये पडतात. चोराची मेल थेट इनबॉक्सात, मालकाची उकिरड्यावर. हा काय न्याय?

भोचक
होस्टिंगवाला "लावलंय" म्हणाला म्हणजे त्याने बिलात लावलंय.

अण्णा_सर्व्हरवाले
स्क्रीनशॉटचा उपयोग शून्य. त्या मॅडमकडून मूळ मेलचा पूर्ण हेडर (मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी तांत्रिक माहिती) मागवा. जीमेल असेल तर तीन टिंबांत 'शो ओरिजिनल', आउटलुक असेल तर प्रॉपर्टीजमध्ये. मेल फॉरवर्ड करायला सांगू नका, फॉरवर्ड केली की मूळ हेडर जातो. त्यात रिटर्न-पाथ, फ्रॉम, रिप्लाय-टू आणि ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स या ओळी काय म्हणतात ते इथे टाका. त्याआधी जो कोणी निदान करेल तो ज्योतिषी.

कशाला_कुटाणा
एवढं कशाला? व्हॉट्सॲपवर बिल पाठवा. ब्लू टिक आली की पोचलं.

खानदेशकन्या
@कशाला_कुटाणा, व्हॉट्सॲपवर मालकाचा डीपी लावून "मीटिंगमध्ये आहे, अमुक खात्यात पैसे टाक" असे मेसेज आमच्या जळगावच्या ऑफिसातच आलेत. त्यामुळे तो उतारा नव्हे.

रोखठोक
हेडरची वाट कशाला बघायची? एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवरून येईल त्याची यादी; बऱ्याच लोकांकडे तिच्या शेवटी ~ऑल असतं. टिल्डा म्हणजे सॉफ्टफेल: "हा सर्व्हर माझा नाही बहुतेक, पण तुम्हाला घ्यायची तर घ्या." लेचेपेचे काम. तिथे -ऑल करा, हार्डफेल. यादीबाहेरचा सर्व्हर दिसला की दारातूनच परत. विषय संपला.

सबुरी_स्टुटगार्ट
विषय संपला नाही, रोखठोक, उलट चुकीच्या दाराला कुलूप लावून झालं. माझी रोजीरोटी मेल सर्व्हर सांभाळण्यावर चालते, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मेल पोचवायची भाषा, एसएमटीपी, १९८२ सालची. आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक घातलेले कागद). तेव्हा जाळ्यावर होती ती विद्यापीठं आणि संशोधन संस्था, एकमेकांना ओळखणारी माणसं. पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच तिच्यात ठेवलेली नव्हती. दोन सर्व्हर बोलतात तेव्हा पाठवणारा आधी 'हेलो' म्हणून स्वतःचं नाव सांगतो, मग 'मेल फ्रॉम' म्हणून एक पत्ता देतो, मग 'आरसीपीटी टू' म्हणून कोणाला द्यायची ते, आणि मग 'डेटा' म्हणून सगळा मजकूर ओततो. गंमत अशी की तुम्हाला आउटलुकमध्ये दिसणारी 'फ्रॉम' ही ओळ त्या 'डेटा'च्या आत असते. म्हणजे पाकिटावरचा पत्ता वेगळा आणि आतल्या पत्राच्या डोक्यावर लिहिलेलं नाव वेगळं. दोन्ही जुळलेच पाहिजेत असा नियम १९८२ मध्ये नव्हता आणि एसएमटीपीत आजही नाही.

एसपीएफ पाकिटावरचा पत्ता तपासतं. 'मेल फ्रॉम'मधल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, एक टेक्स्ट रेकॉर्ड असतो: माझ्या नावाने या-या आयपीवरून (सर्व्हरच्या नेटवरच्या क्रमांकावरून) मेल येईल. घेणारा सर्व्हर समोरचा आयपी त्या यादीत आहे का ते बघतो. बस. आतल्या पत्राच्या डोक्यावर कोणाचं नाव आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

त्यामुळे ~ऑल असो वा -ऑल, चोराने पाकिटावर स्वतःचं डोमेन टाकलं की लेथवाल्यांचा एसपीएफ रेकॉर्ड कोणी उघडूनसुद्धा बघत नाही.

भोचक
म्हणजे एवढी वर्षं आपण पाकिटालाच पहारा देत होतो?

सबुरी_स्टुटगार्ट
पहारा वाया गेला नाही. २००३ च्या आसपास मेंग वेंग वाँगने आधीचे दोन-तीन प्रस्ताव एकत्र करून एसपीएफ आणलं तेव्हा दुखणं वेगळं होतं. स्पॅमर लोक कोणाचाही पत्ता पाकिटावर टाकून लाखो मेला सोडत आणि न पोचलेल्या सगळ्या बाउन्स त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर आदळत. त्यावर एसपीएफ बरोबर औषध होतं. २००६ मध्ये आरएफसी ४४०८ आली, तीही प्रायोगिक म्हणून. २०१४ ची ७२०८ ही आजची पोथी. 'फ्रॉम' ओळीची खोटी सही पकडणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. विकणाऱ्यांनी ते तसं सांगितलं.

रोखठोक
ठीक. तरी -ऑल लावण्यात तोटा काय? कडक असलेलं चांगलंच की.

अण्णा_सर्व्हरवाले
तोटा आहे. काही सर्व्हर एसपीएफ हार्डफेल दिसलं की डेटापर्यंत जाऊच देत नाहीत. मग त्या मेलवर डीकेआयएमची, म्हणजे डोमेनच्या किल्लीने केलेली डिजिटल, सही बरोबर असली तरी ती बघितली जात नाही. डीमार्क म्हणजे दिसणारा 'फ्रॉम' खरा का ते बघणारा नियम; त्याच्या आरएफसीतच हा इशारा आहे. फॉरवर्ड झालेल्या खऱ्या मेला अशा मरतात. म्हणून जिथून खरंच मेल जाते त्या डोमेनला ~ऑल आणि कडकपणा डीमार्कमध्ये. जिथून मेल कधीच जाणार नाही, म्हणजे नुसतं अडवून ठेवलेलं डोमेन, तिथे मात्र नुसतं 'व्ही=एसपीएफ१ -ऑल'. तिथे दयामाया नको.

रोखठोक
पटलं अर्धं. माझ्या क्लायंटांकडे -ऑलच राहील, कोणाचं अडलेलं नाही अजून.

सबुरी_स्टुटगार्ट
अडलेली मेल "मी अडले" म्हणून तुम्हाला फोन करत नाही ना.

फोंडेकर
आमचं फोंड्याजवळ होमस्टे. दिवाळी-नाताळच्या आधी जुन्या पाहुण्यांना मेल पाठवतो. गेल्या खेपेला जीमेलवाल्या सगळ्या परत. कोड ५५०-५.७.२६, सोबत "पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही" अशा अर्थाचा इंग्रजी दम. होस्टिंगला विचारलं तर म्हणे गूगलचा प्रॉब्लेम. हे त्यातलंच का?

अण्णा_सर्व्हरवाले
त्यातलंच. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम आवळले. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक तरी हवंच, आणि पाठवणाऱ्या आयपीला उलटा डीएनएस रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारा) हवा. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम दोन्ही, वर डीमार्क, एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत. मे २०२५ पासून आउटलुक.कॉमनेही तोच आकडा धरून तसंच सुरू केलं. तुम्ही ५००० पाठवत नसणार, तेव्हा पहिली दोन कामं करा. आणि होस्टिंगवाल्याला सांगा की गूगलचा प्रॉब्लेम गूगलने जाहीर लिहून ठेवलाय, वाचायचे कष्ट घ्यावेत.

लेथवाला
हेडर आला! मॅडमनी त्यांच्या आयटीवाल्याकडून काढून दिला. (इथला एडिटर इंग्रजी अक्षरं गिळतो, म्हणून देवनागरीत.)

रिटर्न-पाथ: बाउन्स ॲट कुठलंसं परदेशी डोमेन, बुटांचं दुकान वाटतंय
फ्रॉम: अकाउंट्स ॲट आमचं डोमेन
रिप्लाय-टू: आमच्या फर्मच्या नावाचंच जीमेल खातं, मध्ये एक जास्तीचा 'एल'
ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स: एसपीएफ=पास; डीकेआयएम=नन; डीमार्क=नन

एसपीएफ पास लिहिलंय हो! चोराची मेल पास कशी?

भोचक
डिस्टिंक्शनमध्ये पास.

सबुरी_स्टुटगार्ट
वर लिहिलं तेच डोळ्यासमोर आलं. रिटर्न-पाथ म्हणजे पाकिटावरचा पत्ता. 'एसपीएफ=पास' च्या पुढे कंसात किंवा 'एसएमटीपी.मेलफ्रॉम=' म्हणून एक डोमेन असेल, बघा. ते तुमचं नसणार, बुटांच्या दुकानाचं असेल. बहुधा त्या दुकानाची वेबसाइट किंवा एखादं मेल खातं फोडलंय आणि तिथून, त्यांच्या अधिकृत सर्व्हरवरून, मेल सोडलीय. पाकिटावर दुकान, सर्व्हर दुकानाचा, दोन्ही जुळतात. पास. उत्तर द्यायला गेलात तर रिप्लाय-टूमुळे ते जास्तीच्या 'एल'वाल्याकडे जातं.

आणि खरी मेख शेवटच्या शब्दात आहे. डीमार्क=नन. म्हणजे तुमच्या डोमेनला डीमार्क रेकॉर्डच नाही. डीमार्क २०१२ साली गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपाल वगैरेंनी मिळून आणलं, २०१५ मध्ये आरएफसी ७४८९ म्हणून छापलं गेलं. ते एकच प्रश्न विचारतं: माणसाला दिसणाऱ्या 'फ्रॉम'मधलं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने पास केलेलं डोमेन एकच आहे का? नसेल तर मेलचं काय करायचं हे तुम्ही सांगता: पी=नन म्हणजे काही करू नका, मला फक्त कळवा; क्वारंटाइन म्हणजे स्पॅममध्ये; रिजेक्ट म्हणजे परत. तुमच्याकडे रिजेक्ट असतं आणि चाकणचा सर्व्हर डीमार्क पाळणारा असता तर ही मेल मॅडमपर्यंत आली नसती.

मृण्मयी_टी
सगळे एसपीएफ-डीमार्कमागे लागलेत. लेथवाले, तुम्ही पहिल्या पोस्टमध्येच लिहिलंय की बिल नंबर आणि रक्कम खरी होती. ती चोराला कुठून कळली? पत्ता खोटा करता येतो, बिल नंबर हवेतून नाही येत. कोणाची तरी मेलपेटी कोणीतरी वाचतंय, तुमची किंवा त्यांची.

अण्णा_सर्व्हरवाले
+१. धाग्यातला सर्वात महत्त्वाचा प्रतिसाद. लेथवाले, आज रात्रीच: सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदला, टू-स्टेप लावा, सेटिंग्जमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. "बिल", "पेमेंट" असले शब्द असलेल्या मेला गुपचूप बाहेर पाठवणारा नियम लावून ठेवणं ही नेहमीची चाल आहे. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. गिऱ्हाईकालाही हेच तपासायला सांगा.

बँकेतला_बाबू
मी सहकारी बँकेत आहे. पैसे गेले असते तर? क्षणाचाही विलंब न लावता १९३० ला फोन, सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार, आणि आपल्या बँकेला लेखी. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आले तर येतात, नाहीतर नुसता कागद उरतो.

जाता जाता: रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक.इन' डोमेनवर जायला लावलं. ते नाव बँकेशिवाय कोणाला मिळत नाही, नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी करते. आमच्याकडे त्या निमित्ताने डीमार्कही लागलं. तेव्हा कळलं की एका शाखेने वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायला स्वतःच कुठलीतरी सेवा घेतली होती. मुख्य कार्यालयाला पत्ता नाही!

निवांत
बाबू, आमच्या पतसंस्थेचं मग काय? तिला मिळेल का बँक.इन?

बँकेतला_बाबू
नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, हे ठेवीदारांना सांगता सांगता तोंडाला फेस येतो, आता डोमेनलाही सांगायचं.

जर्सीताई
डीमार्कचं कौतुक चाललंय, म्हणून त्याने केलेला घोळ सांगते. आमच्या इथल्या मराठी मंडळींची एक जुनी मेलिंग लिस्ट होती. रेसिपी, नाटकाची तिकिटं, "भारतात जाणारं कोणी आहे का, औषधं पाठवायचीत". एप्रिल २०१४ मध्ये याहूने एकाएकी स्वतःच्या डोमेनला पी=रिजेक्ट लावलं. झालं. याहूवाल्या एखाद्या काकूंनी लिस्टवर मेल टाकली की लिस्टचा सर्व्हर ती सगळ्यांना वाटायचा, पण 'फ्रॉम'मध्ये याहू आणि सर्व्हर आमचा. त्यात लिस्ट खाली स्वतःची चार ओळींची तळटीप जोडायची, त्यामुळे याहूची डीकेआयएम सहीही तुटायची. जीमेल, हॉटमेल सगळे ती परत पाठवायचे. आणि लिस्टचं सॉफ्टवेअर काय करायचं? एवढ्या बाउन्स आल्या म्हणजे हा सभासद मेलेला दिसतो, म्हणून जीमेलवाल्यांनाच यादीतून काढायचं! काकूंनी पाककृती टाकायची आणि भलत्याच लोकांची हकालपट्टी. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केलं. शेवटी 'फ्रॉम' ओळ बदलून "अमुक व्हाया लिस्ट" करायची पद्धत आली, ती आजवर चाललीय.

वाकडी_वाट
@जर्सीताई, त्यावर उपाय म्हणून एआरसी काढलं ना? २०१९ ची आरएफसी. मधला सर्व्हर लिहून देतो की माझ्याकडे आली तेव्हा ही मेल पास होती.

सबुरी_स्टुटगार्ट
काढलं. पण "लिहून देणाऱ्यावर विश्वास किती" हा प्रश्न परत उरतोच. मोठे एकमेकांवर ठेवतात, गल्लीतल्या लिस्टवर कोण ठेवणार? फॉरवर्डिंगला अजून तरी खरा आधार डीकेआयएमचाच. मजकुराला हात लावला नाही तर सही शाबूत राहते, मेल कितीही हात बदलो.

निवांत
डीकेआयएम कायम खात्रीचं असतं का?

वाकडी_वाट
किल्ली मजबूत असेल तर. २०१२ मध्ये बाहेर आलेला एक किस्सा मला फार आवडतो. झॅकरी हॅरिस नावाच्या गणितज्ञाला गूगलकडून नोकरीसाठी मेल आली. याला वाटलं खोटी असणार. हेडर बघतो तर डीकेआयएमची किल्ली फक्त ५१२ बिटांची. त्याला वाटलं ही मुद्दाम ठेवलेली परीक्षा आहे. पठ्ठ्याने किल्ली फोडली आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या, सर्गेई ब्रिनच्या, नावाने दुसऱ्याला, लॅरी पेजला, मेल पाठवली! उत्तर आलं नाही, पण थोड्याच दिवसांत गूगलची किल्ली २०४८ ची झाली. परीक्षा वगैरे काही नव्हती, खरंच तेवढी कच्ची किल्ली होती.

भोचक
आणि नोकरी?

वाकडी_वाट
तिच्यात त्याला रसच नव्हता म्हणे.

संपादक_२
मंडळी, किस्से छान आहेत, पण धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न (खरी कोटेशनं स्पॅममध्ये का) अजून कोणी घेतला नाही.

अण्णा_सर्व्हरवाले
घेतलाय. लेथवाल्यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) डोमेन कळवलं, डीएनएस बघितला. त्यांच्या परवानगीने इथे लिहितो, कारण असले रेकॉर्ड घराघरांत आहेत.

एसपीएफचे रेकॉर्ड दोन आहेत. एक होस्टिंगवाल्याने लावलेला, त्याच्या सर्व्हरचा. नंतर मेल गूगल वर्कस्पेसवर नेली तेव्हा कोणीतरी दुसरा जोडला: 'व्ही=एसपीएफ१ इन्क्लुड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल'. माणसाला वाटतं दोन असले तर दुप्पट चांगलं. पण नियम असा की एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच. दोन सापडले की घेणारा कुठलाच वाचत नाही, 'परमएरर' (कायमची चूक) देऊन मोकळा. म्हणजे लेथवाल्यांच्या प्रत्येक खऱ्या मेलला आजवर एसपीएफ नापास. तोडगा: दोन्हींतलं हवं ते एकाच ओळीत घ्यायचं, दुसरी ओळ काढून टाकायची.

दुसरं, डीकेआयएम. गूगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये किल्ली तयार केलेली आहे, डीएनएसमध्येही आहे, पण "स्टार्ट ऑथेंटिकेशन" हे बटण दाबलेलंच नाही. त्यामुळे मेलवर सही होते ती गूगलच्या गॅप्सएसएमटीपी.कॉम या डोमेनची, तुमच्या नव्हे. डीमार्कला ती चालणार नाही.

रोखठोक
आणि तो होस्टिंगचा इन्क्लुड (म्हणजे त्याच्या सर्व्हरांची यादी आपल्यात ओढणारा शब्द) ठेवायचाच कशाला? शेअर्ड होस्टिंग आहे ना? त्याच सर्व्हरवर आणखी शेकडो लोकांच्या साइट. त्यांच्यातला कोणीही, होस्टिंगवाल्याने आवरलं नाही तर, लेथवाल्यांचा पत्ता टाकून मेल पाठवेल आणि ती एसपीएफ पास होईल. डीमार्कसुद्धा पास! कारण पाकीट आणि पत्र दोन्हींवर यांचंच डोमेन.

सबुरी_स्टुटगार्ट
शंभर टक्के सहमत, तारीख लिहून ठेवा. एसपीएफ यंत्राला परवानगी देतं, माणसाला नाही. यादीत जितकी कमी यंत्रं तितकं बरं. शिवाय इन्क्लुड, ए, एमएक्स, रिडायरेक्ट वगैरे मिळून डीएनएसची विचारणा १० च्या वर गेली की पुन्हा परमएरर, आणि एका इन्क्लुडच्या पोटातले इन्क्लुडही त्यात मोजले जातात. सरळ लिहिलेले आयपी मोजत नाहीत.

लेथवाला
मंडळी, पायाचे फोटो पाठवा. बटण दाबलं, एसपीएफ एक केलं, होस्टिंग काढलं. पण एक शंका. वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म आहे, तो होस्टिंगवरूनच मेल पाठवतो. आणि बिलं एका ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअरमधून जातात, 'फ्रॉम'मध्ये आमचा पत्ता असतो. त्यांना एसपीएफमध्ये घ्यायचं का?

अण्णा_सर्व्हरवाले
फॉर्मला गूगलच्या एसएमटीपीतून लॉगिन करून पाठवायला लावा, वेबसाइटवाल्या पोराचं अर्ध्या तासाचं काम. बिलिंगवाल्यांचं नीट ऐका. ते पाकिटावर बहुधा स्वतःचंच डोमेन घालतात. मग त्यांचा इन्क्लुड तुमच्या एसपीएफमध्ये घालून काय होणार? काही नाही. तो रेकॉर्ड कोणी वाचणारच नाही. त्यांना विचारायचं ते असं: "आमच्या डोमेनची डीकेआयएम सही तुम्ही करता का? त्याचे रेकॉर्ड द्या." बरेच जण दोन-तीन सीनेम रेकॉर्ड (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारे) देतात, ते डीएनएसमध्ये टाकले की झालं. नाही म्हणाले तर बिलाची पीडीएफ काढून स्वतःच्या मेलने पाठवा.

यानंतर डीमार्क लावा, पण थेट रिजेक्ट नाही. '_डीमार्क' या नावाने टेक्स्ट रेकॉर्ड: 'व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:' आणि पुढे रिपोर्टसाठीचा वेगळा पत्ता. वेगळाच द्या, नाहीतर रोज येणाऱ्या झिप फायलींखाली कोटेशनं गाडली जातील. काही आठवडे रिपोर्ट बघा, तुमच्या नावाने कोण कोण पाठवतंय ते कळू दे, मग क्वारंटाइन, मग रिजेक्ट.

खानदेशकन्या
हे सगळं केल्यावर चोर थांबला असं समजायचं?

मृण्मयी_टी
नाही. उद्या तो जास्तीचा 'एल' असलेलं डोमेनच विकत घेईल, त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं व्यवस्थित लावेल, आणि सगळीकडे पास होईल. डोमेन खरंच त्याचं आहे, मग नापास का व्हावं? फोनवर तर नुसतं नावच दिसतं, पत्ता दिसायला टिचकी मारावी लागते. खातं बदलल्याची मेल आली की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन, मेलमधल्या नंबरवर नाही. चाकणच्या मॅडमनी तेच केलं. लेथवाले, त्यांना पेढे पाठवा.

लेथवाला
पेढे पोचले. :)
आमच्या खात्यांत फिल्टर-बिल्टर काही निघालं नाही. त्यांच्याकडे मात्र निघालं: नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाचं खातं चालूच होतं, आणि त्यातून सगळ्या मेला बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड. आमचे बिल नंबर तिथून गेले.

कोटेशनं आता इनबॉक्समध्ये जातात, दोघांना फोन करून विचारलं. डीमार्क पी=नन वर आहे. रिपोर्टची फाइल उघडली तर नुसतं एक्सएमएलचं जंगल, पण एका मोफत साइटवर टाकून तक्ता केला. गूगलचे आयपी हिरवे, बिलिंगवाले आता हिरवे. एक आयपी मात्र रोज लाल, दिवसाला एक-दोन मेला, एसपीएफही नापास, डीकेआयएमही. भावाला म्हटलं चोर परत आला. मग लक्षात आलं की हा आयपी आमच्याच लीज लाइनचा आहे!

भोचक
चोर घरचाच.

अण्णा_सर्व्हरवाले
ऑफिसात मेल पाठवणारं यंत्र कुठलं आहे? स्कॅनर, सीसीटीव्हीचा डबा, हजेरीचं मशीन?

लेथवाला
हजेरीचं! अंगठ्याचं मशीन रोज भावाला हजेरीची मेल करतं. तो कधीपासून म्हणत होता की मशीनची मेल येत नाही, मी म्हटलं मशीन बिघडलं असेल. सगळ्या स्पॅममध्ये सापडल्या.

अण्णा_सर्व्हरवाले
ते लॉगिन न करता थेट गूगलच्या सर्व्हरला २५ नंबर पोर्टवर देत असणार. मशीनच्या मेल सेटिंगमध्ये जा: सर्व्हर एसएमटीपी.जीमेल.कॉम, पोर्ट ५८७, टीएलएस (जोडणी सांकेतिक करणारी सोय) चालू, आणि ज्या खात्यावर टू-स्टेप आहे त्याचा ॲप पासवर्ड (यंत्रासाठीचा वेगळा पासवर्ड) तयार करून तिथे भरा. नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. मशीन जुनं असेल आणि टीएलएस येत नसेल तर ॲडमिन कन्सोलमधून एसएमटीपी रिले सुरू करून त्यात तुमचा स्थिर आयपी नोंदवा. त्याशिवाय रिजेक्टवर जाऊ नका, नाहीतर हजेरी कायमची गुल.

लेथवाला
मशीनवर टीएलएसचा पर्याय दिसतोय. उद्या शटडाऊन आहे, लाइट नाही. परवा करून सांगतो.

फोंडेकर
अण्णा, माझं डोमेन व्यनि केलंय. माझ्याकडे तीन निघाले एसपीएफ.